कामगार नेते युजीन डेब्स : ११२ विरुद्ध १०० मतांची गोष्ट

२० ऑक्टोबर हा अमेरिकेतील कामगार नेते युजीन व्हिक्टर डेब्स यांचा स्मृतिदिन. १९२६ साली याच दिवशी त्यांचे निधन झाले. आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले, मार्क्स, वेबर, दुर्खीम वाचले, पण अभ्यासक्रमात डेब्स कुठे भेटले नाहीत. ते भेटले नंतर, वस्तीत काम करताना पडलेल्या एका प्रश्नामुळे.

काही वर्षांपूर्वी आम्ही सफाई कामगारांच्या एका सभेला गेलो होतो. सभा कायम कामगारांच्या संघटनेची होती. आत खुर्च्या मांडलेल्या, पंखे सुरू, मंचावर महापुरुषांच्या तसबिरी. बाहेर व्हरांड्यात कंत्राटी कामगार उभे होते, त्यात बायका जास्त. काम तेच, झाडू तोच, पगार मात्र निम्म्याहूनही कमी. त्यांना सभासद करून घ्यावे असा विषय निघाला. आधी आपले प्रश्न सुटू द्या, मग त्यांचे बघू, असे ठरले आणि सभा संपली. आतले लोक वाईट नव्हते. त्यांच्यापैकी कित्येक जण आपल्याच वस्तीतले, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आपल्याबरोबर चालणारे. मग त्यांना दाराबाहेरचा माणूस आपला का वाटला नाही? या प्रश्नाचा माग काढताना आम्ही १८९४ सालच्या शिकागोत पोहोचलो.

फायरमन झालेला मुलगा

डेब्स यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५५ रोजी इंडियाना राज्यातील टेर होट या गावी झाला. आईवडील फ्रान्समधील अल्सास प्रांतातून आलेले. वडिलांना वाचनाचा नाद. युजीन स्यू आणि व्हिक्टर ह्यूगो या दोन फ्रेंच लेखकांवरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले. घरी किराण्याचे दुकान होते.

मुलगा चौदाव्या वर्षी शाळा सोडून रेल्वेच्या कारखान्यात लागला. इंजिनांवरचे जुने वंगण आणि रंग खरवडायचे काम. रोज ५० सेंट मजुरी. पुढे तो फायरमन झाला, म्हणजे धावत्या इंजिनात भट्टीला इंधन घालणारा.

तो काळ अमेरिकेत रेल्वेचा होता. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले तेव्हा त्या देशात सुमारे ३५ हजार मैल लोहमार्ग होता. १८९० पर्यंत तो दीड लाख मैलांच्या वर गेला. कोळसा, पोलाद, गहू, गुरे, सगळे रुळांवरून जाऊ लागले. रेल्वे कंपन्या देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या बनल्या. कार्नेगी यांचे पोलाद, रॉकफेलर यांचे तेल, व्हँडरबिल्ट यांची रेल्वे, अशी एकेका धंद्यावर एकेका घराण्याची पकड बसली.

या वैभवाची किंमत कामगार मोजत होता. दोन डबे जोडताना सांधेवाल्याची बोटे चिरडणे ही नित्याची गोष्ट होती. सरकारी आकडेवारीनुसार १८८९ च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षात रेल्वेचे जवळपास दोन हजार कामगार कामावर मेले आणि सुमारे वीस हजार जखमी झाले. डेब्स यांचा एक मित्र इंजिनाखाली सापडून गेला. आईने हट्ट धरला आणि १८७४ मध्ये त्यांनी इंजिन सोडले. एका घाऊक किराणा पेढीत ते कारकून झाले.

पण मन रेल्वेवाल्यांतच राहिले. १८७५ मध्ये टेर होटमध्ये फायरमन लोकांच्या संघटनेची शाखा निघाली, तेव्हा ते पहिल्या सभासदांत होते. पुढे ते संघटनेच्या मासिकाचे संपादक झाले, सरचिटणीस व खजिनदार झाले. मधल्या काळात गावच्या नगरपालिकेत क्लार्क म्हणून निवडून आले. एक मुदत राज्याच्या विधिमंडळातही काढली, पण तिथला अनुभव घेऊन पुन्हा उभे राहिले नाहीत.

तरुण डेब्स बंडखोर नव्हते, हे सांगितले पाहिजे. फायरमन लोकांची संघटना तेव्हा मुख्यतः विमा मंडळासारखी होती. सभासद मेला तर विधवेला पैसे मिळत. १८७७ मध्ये पगारकपातीविरुद्ध रेल्वे कामगारांचा देशभर उद्रेक झाला आणि सैन्याच्या व पोलिसांच्या गोळीबारात सुमारे शंभर माणसे गेली. त्या वेळी डेब्स यांनी संपाची बाजू घेतली नव्हती. मालक आणि कामगार समजुतीने राहू शकतात असे ते मानत. त्यांच्या संघटनेत फक्त गोऱ्यांना प्रवेश होता आणि त्याला त्यांनी तेव्हा आव्हान दिले नाही. त्या वर्षांतल्या त्यांच्या लिखाणात इटलीहून आलेल्या गरीब मजुरांविषयी तुच्छतेचा सूरही सापडतो.

आम्ही हे मुद्दाम लिहितो आहोत. आपल्याकडे चरित्र म्हटले की माणूस जन्मापासून थोर दाखवायची सवय आहे. डेब्स घडत गेले, अनुभवाने शिकत गेले.

एकाच रुळावरची वेगवेगळी जात

जात हा शब्द आमचा, पण चित्र तसेच होते. रेल्वेत ड्रायव्हरची संघटना वेगळी, फायरमनची वेगळी, गार्डची वेगळी, ब्रेकवाल्यांची वेगळी. ड्रायव्हर स्वतःला सगळ्यात वरचा समजे. तो फायरमनला खालचा मानी, फायरमन सांधेवाल्याला. रुळांवर काम करणारे गँगमन कुणाच्याच हिशेबात नव्हते. कंपनीला हे सोयीचे होते. एका संघटनेने संप केला की दुसरीचे लोक गाड्या चालवत.

१८८८ मध्ये शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी या रेल्वेवर ड्रायव्हर आणि फायरमन यांचा संप झाला. कंपनीने बाहेरून माणसे आणली. त्यात दुसऱ्या कामगार संघटनेचे लोकही होते. त्यांच्या स्वतःच्या संपाच्या वेळी या ड्रायव्हर-फायरमन मंडळींनी त्यांना असेच पाडले होते. त्यांनी उट्टे काढले. संप बुडाला.

या पराभवाने डेब्स यांचे डोळे उघडले. १८९३ च्या जूनमध्ये त्यांनी शिकागोत अमेरिकन रेल्वे युनियन स्थापन केली. मोठ्या पगाराचे जुने पद सोडून ते थोडक्या मानधनावर या नव्या कामाला लागले. रेल्वेत जो कोणी काम करतो, मग तो ड्रायव्हर असो, गँगमन असो की कारकून, त्याच्यासाठी ही एकच संघटना. त्यापूर्वी दुर्लक्षित राहिलेले हजारो कामगार तिच्यात आले.

१८९४ च्या एप्रिलमध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेवर पगारकपातीविरुद्ध संप झाला. मालक जेम्स हिल हे मोठे प्रस्थ. अठरा दिवस गाड्या थांबल्या. सगळ्या प्रकारचे कामगार एकत्र राहिल्यामुळे कंपनीला फूट पाडता आली नाही. लवाद नेमला गेला आणि कामगारांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. वर्षभरात युनियनची सभासदसंख्या सुमारे दीड लाखावर गेली.

पण या सर्वांसाठीच्या संघटनेच्या घटनेत एक अट होती. सभासद गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मलेला असावा. म्हणजे काम कोणते करता हे विचारायचे नाही, पण जन्म विचारायचा. आपल्याला ही अट नवी नाही.

पुलमनचे गाव

जॉर्ज पुलमन हे झोपण्याची सोय असलेले आलिशान रेल्वे डबे बनवत आणि ते रेल्वे कंपन्यांना भाड्याने देत. शिकागोच्या दक्षिणेला १८८० पासून त्यांनी कामगारांसाठी एक गाव वसवले आणि त्याला स्वतःचेच नाव दिले. विटांची नीटनेटकी घरे, नळाचे पाणी, बाग, ग्रंथालय, नाट्यगृह. देशोदेशीचे पाहुणे ते बघायला येत. मात्र घर विकत घेता येत नसे. घर, दुकानाची जागा, प्रार्थनामंदिर, सगळ्याचे भाडे कंपनीला. ग्रंथालयालाही वर्गणी. पगार देणारा आणि भाडे घेणारा मालक एकच.

१८९३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. पुलमन यांनी पगार सरासरी चौथ्या हिश्श्याने कापले. घरभाडे मात्र एका सेंटनेही कमी केले नाही. भाडे वळते करून काही कामगारांच्या हातात पंधरवड्याला नाममात्र रक्कम पडू लागली. भागधारकांचा लाभांश चालूच होता. कामगारांचे शिष्टमंडळ भेटायला गेले आणि त्यातल्या तिघांना लगेच घरी बसवण्यात आले. ११ मे १८९४ रोजी पुलमनचे कामगार संपावर गेले.

जूनमध्ये अमेरिकन रेल्वे युनियनचे अधिवेशन शिकागोत भरले. त्यात जेनी कर्टिस नावाची तरुण शिवणकाम कामगार उभी राहिली. तिचे वडील याच कंपनीत खपले होते. ते वारले तेव्हा थकलेले घरभाडे मुलीच्या मजुरीतून कापायला सुरुवात झाली. तिचे बोलणे ऐकून सभागृह हलले. पुलमनचा डबा जोडलेली एकही गाडी चालवायची नाही, असा ठराव पुढे आला. संघटना अजून कोवळी आहे, सबुरीने घ्या, असे डेब्स यांचे मत होते. पण प्रतिनिधींचा निर्धार पाहून ते त्यांच्याबरोबर उभे राहिले.

११२ विरुद्ध १००

याच अधिवेशनात काळ्या कामगारांचा विषय आला.

इथे एक मागचा धागा सांगायला हवा. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपल्या घराघरात माहीत आहे. त्या मुक्त झालेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो. त्यांतले अनेक जण पुलमन यांच्याकडे नोकरीला लागले. पुलमन यांनी आपल्या डब्यांत पोर्टर म्हणून मुद्दाम पूर्वाश्रमीचे गुलाम घेतले. ते स्वस्तात राबतील आणि वाकून सेवा करतील, हा त्यामागचा हिशेब होता. गाद्या घालणे, बूट चमकवणे, सामान उचलणे, रात्रभर जागणे. पगार तुटपुंजा, म्हणून बक्षिशीवर भिस्त. प्रवासी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना एकच नाव होते, जॉर्ज. मालकाचे नाव गुलामाला देण्याची जुनी रीत डब्यात बसून पुढे आली होती.

म्हणजे जो डबा अडवायचे ठरत होते, त्या डब्यात रोज राबणारा माणूसच युनियनच्या दाराबाहेर होता.

डेब्स यांनी ती अट काढून टाकावी म्हणून अधिवेशनात आग्रह धरला. वाद झाला. मतदान झाले. अट कायम ठेवण्याच्या बाजूने ११२ मते पडली, काढण्याच्या बाजूने १००. फरक बारा मतांचा.

ज्यांनी ११२ मते दिली, त्यांनीच थोड्या दिवसांनी पुलमनच्या उपाशी कामगारांसाठी स्वतःच्या नोकऱ्या पणाला लावल्या. जेनी कर्टिसचे दुःख त्यांना कळले, पोर्टरचे कळले नाही. आमच्या त्या सभेतल्या लोकांसारखेच.

संप मोडला

२६ जूनला बहिष्कार सुरू झाला. सांधेवाले पुलमनचा डबा जोडायला नकार देत. कंपनी त्यांना काढून टाकी. मग सगळी गाडीच थांबे. काही दिवसांत सव्वा लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि शिकागोच्या पश्चिमेकडची वाहतूक ठप्प झाली.

समोर एकटे पुलमन नव्हते. शिकागोला येणाऱ्या २४ रेल्वे कंपन्यांचे व्यवस्थापक आधीपासून संघटित होते. मालकांची एकी कुणालाही गैर वाटत नव्हती. कंपन्यांनी टपालाच्या गाड्यांना पुलमनचे डबे जोडायला सुरुवात केली, म्हणजे डबा अडवला की टपाल अडवल्याचा गुन्हा लागावा. टपाल जाऊ द्या, असे डेब्स यांचे कामगारांना सांगणे होते. देशाचे अॅटर्नी जनरल रिचर्ड ओल्नी हे पूर्वी रेल्वे कंपन्यांचे वकील होते. २ जुलैला न्यायालयाकडून मनाई हुकूम आणला गेला. त्याची व्याप्ती एवढी की डेब्स यांनी कामगारांना तार पाठवून संपात राहा असे समजावणेही गुन्हा ठरला. हा हुकूम देताना न्यायालयाने १८९० च्या शर्मन कायद्याचा आधार घेतला. तो कायदा बड्या कंपन्यांची मक्तेदारी रोखण्यासाठी झाला होता. तो पहिल्यांदा जोरात चालला तो कामगारांवर.

पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी शिकागोत सैन्य उतरवले. इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी त्याला लेखी विरोध केला, तो डावलला गेला. कंपन्यांनी निवडलेल्या आणि कंपन्यांच्याच पैशावर पोसलेल्या हजारो माणसांना सरकारी बिल्ले देण्यात आले. सैन्य आल्यानंतर दंगे वाढले, डबे जळाले, गोळीबार झाला. एकूण सुमारे तीस माणसे मेली. १० जुलैला डेब्स यांना अटक झाली. कुशल कामगारांच्या मोठ्या महासंघाचे नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांनी पाठिंब्याचा संप करायला नकार दिला. ऑगस्टच्या सुरुवातीला सगळे संपले. युनियनमध्ये जाणार नाही असे लिहून देणाऱ्यालाच पुलमनच्या कारखान्यात परत घेतले गेले. हजारो जणांची नावे काळ्या यादीत गेली.

त्या संपाच्या काळात काही ठिकाणी संपकऱ्यांच्या जागी काळे कामगार लागले. गोऱ्यांनी त्यांना फितूर म्हटले. ज्या संघटनेने मतदान करून आपल्याला नाकारले, तिचा संप यशस्वी करण्याची जबाबदारी आपल्यावर कशी, असे त्यांनी विचारले असते तर त्याला उत्तर नव्हते.

संप काळ्या कामगारांमुळे बुडाला असे आम्ही म्हणत नाही. तो न्यायालयाने आणि सैन्याने बुडवला. आणखी बारा मते इकडची तिकडे झाली असती, तरी बंदुका थांबल्या नसत्या. पण डेब्स आयुष्यभर एकच गोष्ट मांडत होते, की सगळे कामगार एक झाले तरच कंपनीपुढे टिकतील. त्यांच्याच लोकांनी ती मान्य केली नाही. जुलैत सरकारने युनियनला हरवले. जूनमध्ये ती स्वतःच स्वतःला हरली होती.

तुरुंग, निवडणुका आणि पुन्हा तुरुंग

मनाई हुकूम मोडल्याबद्दल डेब्स यांना सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले, पण मे १८९५ मध्ये तिथेही ते हरले. वुडस्टॉकच्या तुरुंगात डेब्स यांनी भरपूर वाचन केले. नोव्हेंबर १८९५ मध्ये ते सुटले तेव्हा पावसात शिकागोत प्रचंड गर्दी लोटली होती. पुढे सरकारी चौकशी आयोगाने पुलमन यांच्या कारभारावर ठपका ठेवला. १८९७ मध्ये पुलमन वारले. कामगार थडगे उकरतील या भीतीने त्यांची शवपेटी काँक्रीट आणि पोलादात बंद करण्यात आली. १८९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला ते गाव विकायला लावले.

डेब्स समाजवादी झाले. १९०० पासून ते पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले. १९१२ मध्ये त्यांना सुमारे नऊ लाख, म्हणजे सहा टक्के मते मिळाली. पुढच्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कमध्ये उतरले. ते ज्या अमेरिकेत आले, तिथे कामगार, भांडवल आणि वंश यांच्यावर असा जोराचा वाद चालू होता.

वंशाच्या प्रश्नावर डेब्स आपल्या काळातल्या बहुतेक गोऱ्या नेत्यांच्या पुढे होते. दक्षिणेतल्या राज्यांत काळे-गोरे वेगळे बसवलेल्या सभेत ते बोलायला नकार देत. तरीही एक मर्यादा होती. १९०३ मध्ये त्यांनी काळ्या कामगारांवर लेख लिहिला. त्यात भूमिका अशी की वर्णाचा प्रश्न मुळात कामगारांचाच प्रश्न आहे, समाजवादी पक्षाकडे काळ्यांसाठी वेगळे असे काही देण्यासारखे नाही, कामगार मुक्त झाला की तोही मुक्त होईल. हेतू चांगला होता. पण कामगारानेच कामगाराला जन्मावरून दाराबाहेर ठेवल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ११२ मते मालकांची नव्हती. काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांनी १९१३ मध्ये समाजवाद्यांना याच मुद्द्यावर आव्हान दिले. काळ्या माणसाचा प्रश्न हीच तुमची कसोटी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. याच ड्यू बॉय यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

पहिले महायुद्ध आले. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९१७ मध्ये हेरगिरीविरोधी कायदा झाला आणि युद्धाविरुद्ध बोलणे धोक्याचे ठरले. १६ जून १९१८ रोजी ओहायो राज्यातील कँटन गावी डेब्स यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले. युद्ध जाहीर करतात श्रीमंत आणि मरतात गरीब, हा त्याचा गाभा. त्या एका भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा त्यांचे वय ६२ होते. १९२० ची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून, कैदी क्रमांक ९६५३ म्हणून लढवली. नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मत दिले. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सुटका नाकारली. त्यांच्यानंतर आलेल्या हार्डिंग यांनी १९२१ च्या नाताळात त्यांना सोडले. ते बाहेर पडताना तुरुंगातले कैदी गजांमागून त्यांचा जयजयकार करत होते. तुरुंगात ढासळलेली तब्येत पुन्हा सुधारली नाही. २० ऑक्टोबर १९२६ रोजी इलिनॉयमधील एल्महर्स्ट येथे ते गेले. टेर होटमधले त्यांचे घर आज संग्रहालय आहे.

बाहेर ठेवलेल्यांनी काय केले

डेब्स यांची गोष्ट इथे संपते, पण त्या मतदानाची गोष्ट संपत नाही.

ज्या पोर्टर लोकांना ११२ मतांनी दाराबाहेर ठेवले, त्यांनी १९२५ मध्ये स्वतःची संघटना काढली. नेते होते ए. फिलिप रँडॉल्फ, स्वतः समाजवादी आणि डेब्स यांना मानणारे. कंपनीने हेर लावले, पोर्टरना कामावरून काढले, संघटना कितीदा मोडकळीला आली. पण ते टिकले. १९३० नंतरच्या दशकात कामगार कायदे बदलले, त्याचा त्यांनी नेमका उपयोग करून घेतला. २५ ऑगस्ट १९३७ रोजी पुलमन कंपनीला त्यांच्याशी करारावर सही करावी लागली. जी कंपनी डेब्स यांच्या दीड लाखांच्या युनियनला वाकवता आली नव्हती, ती जॉर्ज म्हणून हाका मारल्या जाणाऱ्या माणसांनी वाकवली.

त्यानंतर सहा महिने होतात न होतात तोच, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. रेल्वेतही अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, हे त्यांनी तिथे मांडले. त्याला स्टेशनवर पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. मुंबईच्या गिरण्यांतही तसेच. धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागते, म्हणून जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्याला मज्जाव. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी हा प्रश्न लावून धरला नाही, म्हणून १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांना तो लावून धरावा लागला. मनमाडला त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. डेब्स यांना दुसरा शत्रू स्वच्छ दिसला. पहिल्याचा अमेरिकी अवतार त्यांना दिसला, त्यांनी त्याच्याशी अधिवेशनात दोन हातही केले, पण त्याला वेगळा शत्रू मानायला ते तयार झाले नाहीत. बाबासाहेबांनी दोघांना एकाच वेळी नाव दिले. आमच्या मते मनमाडच्या भाषणाचे मोल शिकागोचे मतदान माहीत असल्यावर जास्त कळते.

मग डेब्स यांची आठवण कशासाठी काढायची? कारण त्यांनी आपल्याच लोकांसमोर उभे राहून, आपल्याच लोकांच्या विरोधात मत मागितले. मालकाविरुद्ध बोलायला धैर्य लागतेच. ज्यांच्या टाळ्यांवर आपले पुढारपण उभे आहे, त्यांना तुम्ही चुकता आहात असे सांगायला त्याहून जास्त लागते. ते हरले, पण त्या १०० मतांत त्यांचे मत आहे.

आज नगरपालिका, रुग्णालये, रेल्वे, सगळीकडे कंत्राटी कामगार वाढले आहेत. गटारात उतरणारा, रुग्णालयाची फरशी पुसणारी, स्टेशन झाडणारी माणसे बहुतांश आपलीच आहेत. त्यांच्यातले जे कायम झाले, तेही आपलेच. आपल्यातच दाराच्या आतले आणि बाहेरचे तयार झाले आहेत, हे मान्य करायला जड जाते. त्या व्हरांड्यातल्या बायकांनी पुढे काय केले, हे सांगून थांबतो. त्यांनी आत घ्या म्हणून पुन्हा विनवणी केली नाही. दर रविवारी त्या विहारात जमू लागल्या, पगाराच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या, भविष्य निर्वाह निधी कापला जातो पण भरला जात नाही हे शोधून काढले आणि कामगार आयुक्तांकडे अर्ज दिला. आम्ही फक्त अर्ज लिहायला मदत केली. निकाल अजून लागायचा आहे. गेल्या महिन्यात मात्र कायम कामगारांपैकी सात जण त्यांच्या बैठकीला येऊन बसले. सात म्हणजे बारासुद्धा नव्हेत. पण सुरुवात आहे.

कामगार नेते युजीन डेब्स यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!